हातचा एक

माझे वडील इंदूरला एका बँकेत कारकून होते. मी सात-आठ वर्षांची असताना वर्षातल्या दोन रात्री आमच्याकडे जेवायला हमखास उशीर व्हायचा : ३० जून आणि ३१ डिसेंबर. बँकांचा सहामाही ताळेबंद तेव्हा या दोन तारखांना व्हायचा. रात्री अकरा-बारा वाजता बाबा सायकल जिन्याखाली लावून वर यायचे आणि आई दार उघडता उघडता एकच प्रश्न विचारायची, "जुळलं का?"

एका डिसेंबरात जुळलं नव्हतं. पंचेचाळीस रुपयांचा फरक राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी मला पाटी आणायला सांगितलं आणि म्हणाले, "पंचेचाळीसला नऊने भाग जातो का बघ." जातो, मी म्हटलं. "मग बहुतेक कुणीतरी आकडे उलटे लिहिले. बहात्तरचे सत्तावीस झाले असतील. बहात्तरातून सत्तावीस वजा कर." खरोखरच पंचेचाळीस उरले. फरक समसंख्येत असेल तर आधी त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो, हेही त्याच सकाळी समजलं. त्या दिवशी संध्याकाळी बाबा वेळेवर घरी आले. एका खात्यावर बहात्तरचे सत्तावीस झालेले सापडले होते.

मला त्या सकाळची आठवण वारंवार येते ती नऊच्या युक्तीमुळे नव्हे, तर बाबांच्या ओठांच्या हालचालीमुळे. ते मोठ्या वहीतला रकाना वरून खाली बेरजेत नेत तेव्हा पुटपुटत : सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. हा 'हातचा' मला त्या वयात फार गूढ वाटे. तो कुठल्याच घरात लिहिलेला नसतो. तो माणसाच्या डोक्यात, किंवा शब्दाप्रमाणे बोलायचं तर हातात, एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यापर्यंत जातो. तो विसरला की बेरीज चुकते, आणि वही बघून कळत नाही की काय विसरलं.

आज मी पंचेचाळिशीत आहे, अनुवाद करून पोट भरते, आणि माझ्या लॅपटॉपवर एक स्प्रेडशीट कायम उघडी असते. तिच्यात रकाने आहेत : काम, शब्दसंख्या, दर, लागणारे दिवस, मुदत, आधीचं येणं. मुदत जवळ आली की ओळ पिवळी होते, ओलांडली की लाल. शेजारी महिन्यांच्या पट्ट्या आहेत. मार्चमध्ये 'घेऊन टाकू' म्हणून घेतलेलं काम जूनमधल्या कादंबरीच्या अंगावर कसं चढतं, ते या पट्ट्यांमध्ये दिसतं. जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचं एम.ए. करत असताना कुणी सांगितलं असतं की पुढे तुझे व्यवसायातले बहुतेक निर्णय तू असल्या रंगीत चौकटींकडे बघून घेशील, तर मी हसले असते. पण ते खरं आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर्षाला तीन तांत्रिक कामं घेतली तर एक कादंबरी परवडते, हे मला कुठल्याही साहित्यसिद्धांताने सांगितलं नाही. या तक्त्याने सांगितलं.

तरीही, काही वर्षांपूर्वी अशाच एका हिरव्या चौकटीवर विसंबून मी एक चूक केली. ती चूक कशी झाली हे नीट समजून घ्यायचं म्हणून मी या चौकटींचा इतिहास वाचायला लागले. आधी तो इतिहास सांगते, मग चूक.

आकड्यांचं चित्र करण्याची कल्पना ज्याच्या नावावर आहे तो विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा माणूस. तरुणपणी तो वाफेच्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटकडे नकाशे काढायला होता. १७८६ मध्ये त्याने लंडनमध्ये एक पुस्तक काढलं, नावातच 'अ‍ॅटलस', पण आत एकही भूगोलाचा नकाशा नाही. ४४ आकृत्या, त्यातल्या ४३ आकृत्यांमध्ये आडव्या दिशेने वर्षं आणि उभ्या दिशेने पैसा. इंग्लंडची कोणत्या देशाशी किती आयात, किती निर्यात, त्याच्या रेषा. ईस्ट इंडियाशी चाललेला व्यापारही त्यात आहे. प्लेफेअरचा युक्तिवाद व्यवहारी होता : मोठ्या पदांवरच्या आणि धंद्यात गढलेल्या माणसांना आकड्यांचे तक्ते वाचायला वेळ नसतो, त्यांना गोष्टीची ठळक रूपरेषा हवी असते. म्हणजे चित्राचा जन्मच निर्णय घेणाऱ्याच्या घाईतून झाला.

चव्वेचाळिसावी आकृती वेगळी का, याची गोष्ट मला जास्त आवडते. स्कॉटलंडच्या व्यापाराचे प्लेफेअरकडे फक्त एका वर्षाचे आकडे होते, १७८०च्या नाताळापासून १७८१च्या नाताळापर्यंतचे. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने १७ ठिकाणांसमोर कमी-जास्त लांबीच्या पट्ट्या काढल्या. आज प्रत्येक कचेरीत, प्रत्येक वर्तमानपत्रात दिसणारी स्तंभाकृती ती ही. प्लेफेअरला स्वतःला ती कमअस्सल वाटत होती, कारण तिच्यात काळ नव्हता. माहिती अपुरी होती म्हणून जन्मलेली आकृती आज भरपूर माहिती असल्याचा विश्वास देते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८०१ मध्ये त्याने आणखी एक पुस्तक काढलं. युरोपातल्या राज्यांचं क्षेत्रफळ, लोकसंख्या, महसूल त्यात वर्तुळांनी आणि रेषांनी दाखवला होता, आणि आज ज्याला 'पाय चार्ट' म्हणतात ती वर्तुळाची फाकही तिथेच प्रथम आली. त्या पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकाच्या शेवटी सांगितलंय की हिंदुस्तानातल्या सत्ताधीशांचीही अशीच मांडणी सोबत जोडली आहे. हे वाचून मी थबकले. १८०१ मध्ये पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. वसईचा तह व्हायला जेमतेम दीड-दोन वर्षं उरली होती. इकडे दरबारात कारभारी कीर्द आणि खतावणी लिहीत होते, तिकडे लंडनमध्ये कुणीही घाईतला माणूस एका नजरेत बघू शकेल असं हिंदुस्तानचं चित्र छापलं जात होतं. आमच्याकडे हिशेब नव्हते असं मुळीच नाही. पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल साक्ष आहेत. पण ते हिशेब ज्याने लिहिले त्यालाच वाचता यायचे. प्लेफेअरचं चित्र कधी हिशेब न लिहिलेल्या माणसासाठी होतं.

या चित्राचा सगळ्यात प्रभावी उपयोग पुढे केला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेलने. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत ती हातात दिवा घेतलेली परिचारिका आहे. पण क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर तिने हातात घेतला तो आकडा. १८५८ मध्ये तिने छापलेल्या आकृत्यांमध्ये एप्रिल १८५४ ते मार्च १८५६ या काळातले सैनिकांचे मृत्यू महिन्यागणिक पाकळ्यांसारखे मांडले आहेत. जखमांनी झालेले मृत्यू एका रंगात, टाळता येण्याजोग्या रोगांनी झालेले दुसऱ्या रंगात. रोगांचा रंग इतका पसरलेला आहे की वेगळं काही सांगावं लागत नाही. सुरुवातीच्या आकृत्यांत आकडा मध्यबिंदूपासूनच्या अंतराने दाखवला होता, त्यामुळे मोठा आकडा डोळ्याला प्रत्यक्षाहून बराच मोठा दिसे. पुढच्या आकृत्यांत तिने आकडा क्षेत्रफळाने दाखवला. आपल्याच बाजूने झुकणारी चूक दुरुस्त करणारी माणसं थोडी असतात.

नाइटिंगेलचं भारताशी नातं आहे ते याच मार्गाने. हिंदुस्तानातल्या गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला. तिने प्रश्नावल्या तयार केल्या आणि त्या इथल्या लष्करी छावण्यांवर धाडल्या गेल्या : पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, बराकीत एका माणसाला किती जागा. १८६३ मध्ये अहवाल आला. त्यात सैनिकांच्या मृत्यूचं प्रमाण दर हजारी ६९ असं निघालं. नाइटिंगेल भारतात कधीच आली नाही. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला, तोही लंडनहूनच. न पाहिलेल्या देशाबद्दल ती इतकं नेमकं बोलू शकली याचं कारण छावणीछावणीत बसून कुणीतरी त्या प्रश्नावल्या भरल्या होत्या. अंतिम तक्त्यात त्यांच्यापैकी कुणी नाही. विहिरीपर्यंत जाऊन पाणी बघून आलेला एखादा, आणि न जाताच 'पाणी चांगलं' लिहून टाकणारा दुसरा, दोघांची उत्तरं तक्त्यात सारख्याच अक्षरात बसली असतील. मला तिथे पहिल्यांदा बाबांचा हातचा आठवला.

आता १९७८चा वसंत. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसून दिवास्वप्न बघत होता. प्राध्यापक फळ्यावर एका कंपनीचं आर्थिक गणित उभ्या-आडव्या रेघा मारून मांडत. एक गृहीतक बदललं की त्यावर अवलंबून असलेली सगळी घरं पुसून पुन्हा लिहावी लागत. व्यवसायाच्या भाषेत अशा मोठ्या, दोन पानांवर पसरलेल्या तक्त्याला आधीपासूनच 'स्प्रेडशीट' म्हणत. हा कागदाचा शब्द, संगणकाचा नव्हे. ब्रिकलिनचे वडील छपाईचा व्यवसाय करत, आणि तो स्वतः आधी शब्दजुळणीच्या संगणकप्रणालीवर काम करून आलेला होता. शब्दांच्या बाबतीत त्याने पाहिलं होतं की मधला एक शब्द बदलला तर पुढचा सगळा मजकूर आपोआप सरकतो. आकड्यांच्या बाबतीत तसं का होऊ नये?

मी अनुवादक असल्यामुळे मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. आकड्यांच्या तक्त्यामागे शब्दांच्या यंत्राची आठवण आहे.

ब्रिकलिनचा मित्र बॉब फ्रँक्स्टन याने रात्री जागून प्रत्यक्ष प्रणाली लिहिली. रात्री, कारण तेव्हा मोठ्या संगणकाचा वेळ रात्री स्वस्त मिळे. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' या नावाने ती अ‍ॅपल-दोन या छोट्या संगणकासाठी बाजारात आली. ६३ रकाने, २५४ ओळी. मीही १९७९चीच, त्यामुळे ती मला वर्गमैत्रिणीसारखी वाटते. ती बाजारात येण्याआधीच ब्रिकलिनने तिचा कच्चा नमुना वापरून एका शीतपेयाच्या कंपनीवरचा स्वाध्याय सोडवला. बाकीच्यांनी एक-दोन शक्यता मोजल्या होत्या, त्याच्याकडे पुढच्या पाच वर्षांचे वेगवेगळे अंदाज तयार होते.

फरक वेगाचा होता, पण फक्त वेगाचा नव्हता. आधी 'असं केलं तर काय होईल?' हा प्रश्न विचारायला एक दुपार खर्ची पडायची, म्हणून माणूस तो तोलून-मापून एकदाच विचारायचा. आता तो फुकट झाला. दर दोन रुपयांनी वाढवला तर? एक माणूस कमी केला तर? हे विचारायला धाडस लागेनासं झालं. स्प्रेडशीटने पहिल्यांदा हातचा माणसाच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःकडे ठेवला. घरात आकडा दिसतो, त्यामागचं सूत्र दिसत नाही.

पुढची पायरी चित्राची. मिच केपर याने आधी व्हिजिकॅल्कच्या आकड्यांचे आलेख काढून देणारी जोडप्रणाली लिहिली होती. जानेवारी १९८३ मध्ये त्याच्या कंपनीने 'लोटस वन-टू-थ्री' आणलं : एक हिशेब, दोन आलेख, तीन माहितीचा साठा, सगळं एकाच ठिकाणी. केपर कधीकाळी भावातीत ध्यान शिकवत असे, आणि कंपनीचं कमळाचं नाव पद्मासनावरून आलं. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, मॅकिंटॉशवर 'एक्सेल' आलं. प्लेफेअरला तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावी लागलेली आकृती आता दोन कळा दाबल्या की उमटू लागली. १९८४ च्या नोव्हेंबरात 'हार्पर्स' मासिकात स्टीव्हन लेव्ही या पत्रकाराने या नव्या साधनावर एक दीर्घ लेख लिहिला. स्प्रेडशीट हे नुसतं साधन नाही, जगाकडे बघण्याची ती एक रीत आहे, आणि आपणच रचलेल्या नमुन्याला माणसं वास्तव समजू लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. चाळीस वर्षांनी त्यात भर घालण्यासारखं फारसं नाही.

याच सुमारास आपल्याकडच्या बँकांमध्ये यंत्रं यायची होती. कर्मचारी संघटनांचा विरोध तीव्र होता, नोकऱ्यांची भीती खरी होती. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनं आणि संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला आणि १९८४ मध्ये सी. रंगराजन समितीने यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. पुढच्या काही वर्षांत शाखांमध्ये खातेवही लिहिणारी यंत्रं आली. बाबांच्या शाखेतही एक आलं. बाबा संघटनेचे वर्गणीदार सभासद, मोर्च्यालाही जाऊन आलेले. पण यंत्र आल्यावर त्यांनी नाक मुरडलेलं मला आठवत नाही. ते वेळेवर जेवायला येऊ लागले, हे आईच्या लेखी सगळ्यात मोठं. काही महिने मात्र ते यंत्राने केलेली बेरीज घरी येण्याआधी पेन्सिलीने एकदा करून बघत. "यंत्र चुकतं का?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, "यंत्र नाही चुकत. त्याला सांगणारा चुकतो. आणि आता तो चुकला तर ओठ हलताना दिसत नाहीत."

त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला २०१३ मध्ये नीट लागला. अर्थशास्त्रज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक निबंध लिहिला होता. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा निष्कर्ष. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी त्याचा भरपूर आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला एक विद्यार्थी, थॉमस हर्नडन, स्वाध्याय म्हणून तो निबंध पुन्हा पडताळू बघत होता आणि आकडे जुळेनात. मूळ लेखकांनी आपली स्प्रेडशीट पाठवली तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी घ्यायच्याच राहून गेल्या आहेत. राहिलेले देश : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. इंग्रजी वर्णमालेत त्यांची नावं आधी येतात, एवढाच त्यांचा दोष. वगळलेली वर्षं आणि सरासरीची पद्धत हे त्याहून मोठे आक्षेपही होते. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी सगळं धरून पुन्हा हिशेब केला तेव्हा जास्त कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का नव्हे तर २.२ टक्के निघाली. कर्जाच्या प्रश्नावर वाद आजही आहे. पण पाच देश तीन वर्षं एका सूत्राबाहेर उभे होते आणि तयार तक्त्यात ते कुणाला दिसले नाहीत, ही गोष्ट वादाची नाही.

दुसरं उदाहरण आमच्या शब्दांच्या प्रांतातलं. मानवी जनुकांच्या कुळांना संशोधकांनी दिलेल्या संक्षिप्त नावांत 'मार्च १', 'सेप्ट १' अशी नावं होती. एक्सेल त्यांना तारखा समजे आणि परस्पर बदलून टाके. हजारो जनुकांच्या यादीत अशी दहा-वीस नावं तारखा होऊन बसली तरी कोण बघतो? अखेर २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च १' चं 'मार्चएफ १' झालं, 'सेप्ट १' चं 'सेप्टिन १'. साधनाने आपली सवय बंद करण्याचा पर्याय दिला तो त्यानंतर तीन वर्षांनी. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या देवनागरी फायली आठवल्या. शब्दयादी एका प्रणालीतून काढून स्प्रेडशीटमध्ये उघडली की सगळं मराठी कधीकधी अनोळखी रोमन खुणांची रांग होऊन बसतं. तिथे चूक निदान आरडाओरडा करते. तारीख होऊन बसलेलं जनुक आवाज करत नाही.

आता माझी चूक.

अनुवादाच्या धंद्यात 'अनुवाद-स्मृती' नावाचं साधन असतं. पूर्वी केलेलं प्रत्येक वाक्य आणि त्याचा अनुवाद ते जपून ठेवतं, आणि नवं वाक्य आलं की जुन्याशी किती टक्के जुळतं ते सांगतं. संगणकभाषाविद मार्टिन के यांनी १९८० मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं की यंत्राने अनुवादकाची जागा घेऊ नये, त्याच्या शेजारी लेखनिकासारखं बसावं, कंटाळवाणं काम उचलावं आणि लगाम माणसाकडे ठेवावा. नव्वदच्या दशकात अशी साधनं बाजारात आली. ती उपयोगी आहेत, मी त्यांच्याशिवाय काम करू शकत नाही. पण त्यांच्याबरोबर टक्क्यांचा तक्ताही आला. पंचाहत्तर ते चौऱ्याऐंशी टक्के जुळलं तर दर इतका, पंचाऐंशीच्या वर तितका, आणि शंभर टक्के जुळलं तर बहुधा शून्य. शंभरवाली ओळ हिरवी दिसते आणि तिच्यावर कुलूप असतं.

एका अनुवाद कंपनीने मला एक संमतिपत्र पाठवलं. कुठल्याशा वैद्यकीय अभ्यासात सहभागी होणाऱ्यांनी सही करायचा कागद. मी माझ्या स्प्रेडशीटमध्ये ओळ भरली : एकूण शब्द चार हजारांवर, त्यातले पैशांचे जेमतेम दीड हजार, बाकी हिरवे, दोन दिवस. ओळ पिवळी सुद्धा झाली नाही. मी हो म्हटलं, पैशांचे शब्द मन लावून केले, हिरव्यांवरून नजर फिरवली आणि काम पाठवून दिलं.

चार-पाच दिवसांनी दुसरं काहीतरी शोधताना ती फाईल पुन्हा उघडली आणि एका हिरव्या ओळीवर थांबले. "मी या अभ्यासातून केव्हाही, कोणतंही कारण न देता, बाहेर पडू शकतो." हा अभ्यास गरोदर बायकांचा होता.

इंग्रजी वाक्याला लिंग नव्हतं. आधीचं कुठलंतरी संमतिपत्र पुरुषांचं असणार, तेव्हा कुणीतरी 'शकतो' लिहिलं, आणि ते बरोबर होतं. नव्या वाक्याशी ते शंभर टक्के जुळलं. यंत्राने सांगितलेला आकडा खरा होता. पण त्या कागदावर सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच होतं. तुला नको वाटलं तर तू निघू शकतेस, हे बाईला सांगणारं. आणि ते वाक्य बाईशी बोलतच नव्हतं. तिच्या जागी कुणा पुरुषाला उभं करून त्याला मोकळीक देत होतं. दवाखान्यात कुणी तिला ते वाचून दाखवलं असेल, तर हा कागद आपला नाही, नवऱ्याचा असावा, असं तिला वाटलं असेल तर नवल नाही.

मी कंपनीला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं : त्या ओळी ग्राहकाने आधीच मंजूर केलेल्या असल्याने कुलूपबंद आहेत, पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू. पुढची आवृत्ती माझ्याकडे आली नाही. कंपनीवर राग काढणं सोपं होतं, आणि मी काही दिवस तो काढलाही. मग एके दिवशी मी स्वतःची स्प्रेडशीट उघडून ती ओळ पुन्हा बघितली. काम घेण्याचा निर्णय कंपनीने घेतला नव्हता. हिरवे शब्द न वाचण्याचाही नाही. माझ्या तक्त्यात शब्दाला दर होता, दिवसाला किंमत होती, पण हा कागद कोण वाचणार, याला घरच नव्हतं. जे घर नाही, ते रिकामं आहे हेही दिसत नाही.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते आता पंचाऐंशीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येतं, पण प्रश्न नेमका विचारतात. म्हणाले, "हिरव्या ओळी किती होत्या?" मी म्हटलं, तीनशेच्या वर. "त्यांच्यापुढे सही कुणाची होती?" मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "आमच्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे दोन आद्याक्षरं असायची. एक लिहिणाऱ्याचं, एक तपासणाऱ्याचं. यंत्र आलं तरी तपासणाऱ्याचं राहिलं. तुमच्यात दुसरं कोण करतं?"

दुसरं कुणी करत नव्हतं. तीनशे ओळींवर 'शंभर' हा आकडा होता, आणि त्या आकड्यालाच सगळ्यांनी सही मानलं होतं.

बंगालीत पाढ्यालाही 'घर' म्हणतात : पाचाच्या घराचा पाढा. जादवपूरला असताना हे ऐकून मला फार गंमत वाटली होती, कारण मराठीत तक्त्याला आपण 'कोष्टक' म्हणतो आणि त्यातही मूळ शब्द कोठा, खोली असाच आहे. आपल्या भाषांना आकडे कुठेतरी राहायला लागतात हे ठाऊक आहे. त्या घरात आकडा कुणी आणून ठेवला, हे विचारायचं काम भाषेचं नाही, ते माणसाचं आहे.

मी स्प्रेडशीट सोडलेली नाही. तिच्याशिवाय मी मुदती चुकवेन आणि कादंबऱ्या परवडणार नाहीत. फक्त तिच्यात दोन रकाने वाढवले आहेत. पहिल्याचं नाव 'वाचणारा'. काम घेण्याआधी तिथे एका शब्दात लिहायचं : नर्स, शेतकरी, गरोदर बाई, परीक्षक. दुसऱ्याचं नाव 'हातचा'. त्यात सूत्र नाही, रंग नाही. काम पाठवण्याआधी मी कुलूपबंद ओळींसकट सगळ्या ओळी वाचते, आणि वाचून झाल्यावरच तिथे माझी आद्याक्षरं टाकते. या वाचनाचे पैसे मी वेगळे मागते. दोन कंपन्यांनी ते दिले, एकीने कामं पाठवणं बंद केलं. तिची ओळ अजून तक्त्यात आहे, येणं बाकी असल्यामुळे लाल.